बोटावर ९६, छातीत दम: शरीराबद्दल शेवटचा शब्द कुणाचा?

मृद्गंध:

गेल्या वर्षी माझ्या आत्याला मध्यरात्री अचानक दम लागायला लागला. जिने चढल्यावर लागतो तसला नव्हे. पलंगावर बसल्या बसल्या, बोलता बोलता वाक्य मध्येच तोडावं लागेल असा. आम्ही तिला तातडीच्या विभागात नेलं. बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावला, ९६ आलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी आधी आकडा पाहिला, मग आत्याकडे पाहिलं. "सॅच्युरेशन छान आहे. मनावर घेऊ नका, टेन्शन आलंय थोडं." आत्या म्हणत राहिली, "अहो, हवा आत जातच नाहीये." तिचं हे वाक्य केसपेपरवर कुठेही नाही. केसपेपरवर ९६ आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या धमनीत गुठळी सापडली. आत्या वाचली, आता ठणठणीत आहे, आणि कुणाची तक्रार करायला हा धागा काढलेला नाही. वर्षभर डोक्यात घोळतंय ते वेगळंच आहे. ऑक्सिमीटर त्या रात्री चुकला नव्हता. त्याला विचारलं होतं त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं होतं. आत्या वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत होती.

मी नंतर हे यंत्र समजून घ्यायचा प्रयत्न केला. ते बोटातून दोन प्रकाश सोडतं, एक लाल आणि एक इन्फ्रारेड. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि रिकामं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या ठोक्यागणिक हे शोषण बदलतं, त्यावरून यंत्र टक्केवारी काढतं. म्हणजे हिमोग्लोबिनपैकी किती भरलेलं आहे, एवढंच त्याला कळतं. ती टक्केवारी टिकवायला छाती किती झगडते आहे ते त्याला दिसत नाही. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं, त्यामुळे धुरात गुदमरलेल्या माणसाच्या बोटावरसुद्धा छान आकडा येऊ शकतो.

आणखी एक. शोषलेल्या प्रकाशावरून टक्केवारी कशी काढायची याचं कोष्टक आधी तयार करावं लागतं. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देतात, त्याच वेळी त्यांच्या धमनीतलं रक्त तपासतात आणि दोन्हींची सांगड घालतात. मग ज्यांच्या बोटांवर हे कोष्टक बेतलं, त्यांच्यासारखं ज्यांचं बोट नाही त्यांचं काय? २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी हिशेब छापला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८ च्या खाली असणं, हे कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट आढळलं. या यंत्रामागचं तत्त्व जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं, आणि सावळ्या त्वचेवर आकडा फुगतो हे सांगणारे शोधनिबंध १९९० पासून छापून येत होते. तीस वर्षं ही गोष्ट कागदावर होती आणि चिमटे तसेच विकले जात होते.

मला म्हणायचंय ते हे: यंत्र चुकतं याबद्दल माझं भांडण नाही, माणसंही चुकतात. पण यंत्राचं आणि माणसाचं म्हणणं जुळलं नाही की माणसाचं म्हणणं लगेच 'टेन्शन' ठरतं आणि यंत्राचं म्हणणं 'फाइंडिंग'. दोन साक्षीदारांपैकी एकाचीच उलटतपासणी होते. याची सुरुवात फार मागे आहे. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांना एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं अवघड वाटलं, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी करून ती छातीवर ठेवली आणि ठोके आधीपेक्षा स्वच्छ ऐकू आले. तोच पहिला स्टेथोस्कोप. त्यातून ऐकलेले आवाज ते पुढे शवविच्छेदनात ताडून पाहत. या नळीमुळे छातीचे रोग जिवंतपणी ओळखता यायला लागले, याचं मोल मी कमी करत नाही. पण त्याच नळीने रुग्णाची कहाणी ऐकण्याची निकडही कमी केली. छाती स्वतःच बोलायला लागली, मग छातीच्या मालकाला कशाला विचारायचं?

तुमचे अनुभव लिहा. रुग्णालयात काम करणाऱ्यांनी जरूर लिहा, पटलं नसेल तर तसंही लिहा.

रात्रपाळी:

एकोणीस वर्षं अतिदक्षता विभागात नर्स आहे. धागा वाचून झोप उडाली म्हणून लगेच लिहिते.

"सिस्टर, मला काहीतरी होतंय, मी वाचत नाही," असं पेशंट म्हणाला की मी मॉनिटर नंतर बघते. हा हळवेपणा नाही. फुप्फुसात गुठळी, हार्ट अटॅक, चुकीच्या गटाचं रक्त चढणं, या तिन्हींच्या लक्षणांमध्ये 'मरण जवळ आल्याची भावना' हे पाठ्यपुस्तकात छापलेलं लक्षण आहे. आम्हाला परीक्षेला होतं ते.

एकदा एका आजोबांना रक्त लावलं होतं. दहा मिनिटंही झाली नव्हती. म्हणाले, "कमरेत कळ आलीय, आणि कसंतरीच होतंय गं." बीपी, नाडी, सॅच्युरेशन, सगळं जागेवर. मी पिशवी बंद केली. सोबतची सहकारी म्हणाली, "व्हायटल्स तर नॉर्मल आहेत." सात-आठ मिनिटांनी त्यांना हुडहुडी भरली, ताप चढला आणि बीपी घसरायला लागलं. तोवर रक्त थांबलेलं होतं म्हणून निभावलं. आजोबांना जे कळलं ते मॉनिटरला सात-आठ मिनिटं उशिरा कळलं.

अलार्मबद्दल कुणी बोलत नाही म्हणून तेही लिहिते. एका बेडभोवती मॉनिटर, व्हेंटिलेटर, तीन-चार सिरिंज पंप. प्रत्येकाचा वेगळा आवाज. बहुतेक वेळा पेशंटने हात हलवलेला असतो किंवा प्रोब निसटलेला असतो. काही महिन्यांत कान निबर होतात, आणि खरा अलार्म त्याच गोंगाटात येतो. नव्या मुलींना मी सांगते: अलार्म वाजला की आधी चेहरा बघ, मग प्रोब, मग स्क्रीन.

जनरल_वॉर्ड:

मी फिजिशियन आहे. धाग्यातल्या निम्म्या गोष्टींशी सहमत आणि निम्म्यांशी अजिबात नाही.

आत्यांच्या बाबतीत चूक त्या डॉक्टरांचीच. ९६ आहे म्हणजे गुठळी नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही हे आम्हाला शिकवलेलं असतं. मिनिटाला श्वास किती चाललेत हे घड्याळ लावून मोजलं असतं तरी पाल चुकचुकली असती. ते मोजायला यंत्रच लागत नाही आणि बहुधा म्हणूनच ते सगळ्यात जास्त वेळा राहून जातं.

पण 'शरीराचं ऐका' या बोलण्याची मला धास्ती वाटते. रक्तदाब १८० असलेला माणूस माझ्यासमोर बसून सांगतो, "मला काहीच होत नाही, मी गोळ्या बंद केल्या." त्याला खरंच काही होत नसतं. मग काही वर्षांनी अर्धं अंग लुळं पडलेल्या अवस्थेत त्याला आणतात. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव व्हायला लागतात, तरी बराच काळ दृष्टी चांगली असते. शरीर फार वेळा गप्प बसतं. त्याची ती गप्प जागा दाखवायला यंत्र लागतं.

आणि इतिहास काढलाच आहे तर पूर्ण काढू. दोन हजार वर्षं डॉक्टर रुग्णांचं रक्त काढत होते. डॉक्टरांना खात्री होती, रुग्णांनाही विश्वास होता. १८३५ मध्ये, त्याच पॅरिसमध्ये, पियरे लुई या डॉक्टरांनी न्यूमोनियाच्या ७७ रुग्णांचा हिशेब मांडला. ज्यांचं रक्त आजाराच्या सुरुवातीलाच काढलं त्यांच्यापैकी ४४ टक्के दगावले, ज्यांचं उशिरा काढलं त्यांच्यापैकी २५ टक्के. आजच्या कसोट्यांवर हा अभ्यास कच्चा आहे, पण बड्या डॉक्टरांच्या आत्मविश्वासाला पहिला तडा गेला तो असा मोजल्यामुळे. आकडा रुग्णाच्या बाजूनेही उभा राहतो, एवढंच माझं म्हणणं.

मृद्गंध:

जनरल_वॉर्ड, तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत त्याबद्दल आभार. 'गप्प जागा' हे मला पूर्ण पटलं. माझ्या लिहिण्यात ते आलं नव्हतं.

लुईंबद्दल वाचताना मला मात्र त्याच्या नेमकं उलटं उदाहरण आठवलं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांच्या ईसीजीत अधूनमधून जादा ठोके दिसतात. असे ठोके दिसणाऱ्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो हे माहीत होतं. मग ते ठोके दाबणारी औषधं आली आणि त्यांनी ठोके खरोखर दाबले, ईसीजी स्वच्छ दिसायला लागला. ही औषधं वर्षानुवर्षं दिली जात होती. शेवटी अमेरिकेत कास्ट नावाची चाचणी झाली. १९८९ मध्ये तिचा एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या दोन औषधांचा भाग मध्येच थांबवावा लागला. १४९८ रुग्णांपैकी निम्म्यांना एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड दिलं होतं, निम्म्यांना नुसती साखरेची गोळी. औषध घेणाऱ्यांत ६३ जण गेले, साखरेची गोळी घेणाऱ्यांत २६.

लुईंनी मोजले ते मृत्यू. या औषधांच्या बाबतीत कास्ट होईपर्यंत मोजल्या जात होत्या त्या आलेखावरच्या रेघा. दोन्हींना आपण मोजमापच म्हणतो. ईसीजी हृदयाबद्दल काही सांगतो, पण ईसीजी सुधारला म्हणजे हृदय सुधारलं, ही उडी कुणी मारली तेव्हा तिला अडवायला कुणी नव्हतं. माझा सगळा आक्षेप त्या उडीवर आहे.

जनरल_वॉर्ड:

ही उडी आम्ही रोज मारतो. मान्य. कास्ट आम्हाला शिकवतात, पण औषधाचा धडा म्हणून शिकवतात. तुम्ही म्हणताय तसा तो कधी कुणी समोर ठेवला नव्हता.

मोजपट्टी:

माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर दहा वर्षं एकच आकडा आहे, बीएमआय. गुडघा दुखतो म्हटलं तरी वजन, थकवा म्हटलं तरी वजन. दोन वर्षं ओटीपोटात दुखत होतं, प्रत्येक वेळी "आधी दहा किलो कमी करा" म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला, दाबून पाहिलं आणि सोनोग्राफी लिहून दिली. अंडाशयावर नऊ सेंटीमीटरची गाठ होती. पोटाला हात लावणाऱ्या त्या पहिल्याच.

हा आकडा आला कुठून हे मी नंतर शोधलं. बेल्जियममधले केतले हे खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्रातले. १८३० च्या दशकात ते 'सरासरी माणूस' शोधत होते, कुणाचा आजार नव्हे. उंचीच्या वर्गाने वजनाला भागायचं सूत्र त्यांचं. त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव १९७२ मध्ये अॅन्सेल कीज यांच्या निबंधाने दिलं, तेही लोकसमूहांचा अभ्यास करण्यासाठी. मग तो एकेका माणसाच्या फाइलवर येऊन बसला. १९९८ मध्ये अमेरिकेत 'जादा वजना'ची रेघ २५ वर आणली. त्याआधी ती पुरुषांसाठी २७.८ आणि बायकांसाठी २७.३ होती. कोट्यवधी माणसं रात्री नीट वजनाची म्हणून झोपली आणि सकाळी जादा वजनाची झाली. एक किलोही न वाढता.

हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं की रेघ सरकवणं नेहमीच वाईट नसतं. आशियाई लोकांत कमी बीएमआयलाच मधुमेह दिसतो म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये त्यांच्यासाठी २३ पासून सावध व्हावं असं सुचवलं. ते मला रास्त वाटतं. मला राग आहे तो एवढ्याचाच की तो आकडा बघितल्यावर माझ्या पोटाकडे बघायची गरज कुणाला वाटली नाही.

रात्रपाळी:

मोजपट्टी, तुमचं वाचून पोटात तुटलं. आता बऱ्या आहात ना?

मोजपट्टी:

हो, गाठ साधी निघाली. काढून चार वर्षं झाली.

हृदयस्थ:

माझ्या गळपट्टीच्या हाडाखाली काडेपेटीएवढा पेसमेकर आहे. सहा वर्षं झाली. तो नसता तर हा प्रतिसाद लिहायला मी नसतो, हे आधी सांगतो म्हणजे पुढचं कृतघ्नपणाचं वाटणार नाही.

शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला. तो काही तासच चालला. ते २००१ पर्यंत जगले, ८६ वर्षांचे होऊन, आणि तोवर त्यांचे २६ पेसमेकर झाले होते. मला त्यांच्याबद्दल वाचून नेहमी धीर येतो.

माझा पेसमेकर रात्री मी झोपलो की उशाजवळच्या डबीला माहिती पाठवतो, डबी ती कंपनीच्या सर्व्हरला पाठवते आणि तिथून ती दवाखान्यात दिसते. माझ्या हृदयाची रोजची वही लिहिली जाते आणि ती मी सोडून सगळ्यांना वाचता येते. मी मागितली तेव्हा एका पानाचा गोषवारा मिळाला. "कच्चा डेटा तुम्हाला समजणार नाही," असं सांगितलं. नसेल समजणार. पण एका रात्री तीन वाजता मला धडधड झाली होती, तेव्हा आत काय चाललं होतं हे मला हवं होतं, आणि ते कुठेतरी लिहिलेलं आहे.

२०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकर्ससाठी सुरक्षेचं अपडेट काढावं लागलं, कारण बाहेरून कुणी त्यांत शिरकाव करू शकेल अशी फट त्यांत होती. शस्त्रक्रिया लागत नव्हती, दवाखान्यात जाऊन तीनेक मिनिटांत अपडेट होत होतं. तरी विचार करा, छातीत असलेल्या वस्तूचं सॉफ्टवेअर बदलायचं, आणि ते काय होतं आणि काय झालं हे ती छाती ज्याची त्याला वाचता येत नाही. कॅरन सँडलर या अमेरिकेतल्या वकील, स्वतःच्या हृदयात डिफिब्रिलेटर आहे, म्हणजे लय धोकादायकरीत्या बिघडली की विजेचा झटका देणारं यंत्र. तो बसवण्याआधी त्यांनी त्याचा सोर्स कोड बघायला मागितला. मिळाला नाही. शेवटी त्यांनी तो तसाच बसवून घेतला, कारण दुसरा पर्याय अचानक मरण्याचा होता. अशा वेळी दिलेल्या संमतीला संमती म्हणायचं का?

सगळ्यात जास्त हललो ते कृत्रिम डोळ्याबद्दल वाचून. सेकंड साइट कंपनीचा आर्गस टू, डोळ्याच्या पडद्यावर ६० इलेक्ट्रोड, अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता. पूर्ण अंध झालेल्या साडेतीनशेहून जास्त लोकांना तो बसवला. त्यांना आकृत्या, उजेड-अंधार, दाराची चौकट दिसायला लागली. २०१९ मध्ये कंपनीने तो बनवणं थांबवलं, २०२० मध्ये कंपनीच बुडायच्या बेताला आली. दुरुस्ती बंद, सुटे भाग बंद. डोळ्यात यंत्र आहे आणि ते बिघडलं तर फोन उचलायला कुणी नाही. नंतर ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

माझ्या पेसमेकरची बॅटरी अजून चारेक वर्षं जाईल म्हणतात. त्या कंपनीची किती जाईल, हा प्रश्न बसवताना मी विचारला नव्हता.

शांतवेळ:

हृदयस्थ, तुमच्या पंगतीत मीही. चाळिशीत ऐकू येणं गेलं, आता उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट आहे, म्हणजे आवाजाचे विजेचे संकेत करून ते थेट ऐकण्याच्या नसेला देणारं यंत्र.

कानाच्या शंखात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. त्यांच्या जागी माझ्याकडे बावीस इलेक्ट्रोड आहेत. चालू केलं त्या दिवशी नवऱ्याचा आवाज पत्र्याच्या डब्यात खडे वाजवल्यासारखा आला आणि मी रडले. तीन-चार महिन्यांत मेंदूने त्याच खडखडाटातून त्याचा आवाज घडवला. आता तो मला त्याचाच वाटतो. हे यंत्राचं श्रेय की मेंदूचं, मला ठरवता येत नाही.

दर सहा महिन्यांनी चाचणी होते. बंद, शांत खोलीत, एकेक शब्द. गुण उत्तम येतात आणि कागदावर 'उत्कृष्ट प्रगती' असा शेरा मिळतो. चार माणसं एकदम बोलायला लागली की मला काही कळत नाही, मी हसून मान हलवते. त्या मान हलवण्याला चाचणीत रकाना नाही. एकदा सांगितलं तर चाचणी घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "पण तुमचे स्कोअर तर छान आहेत." हा धागा वाचेपर्यंत मला वाटायचं माझंच काहीतरी कमी पडतंय.

जन्मतः बहिऱ्या मुलांचा प्रश्न माझ्यापेक्षा वेगळा आहे. १९९० मध्ये अमेरिकेत दोन वर्षांपुढच्या मुलांना इम्प्लांट बसवायला परवानगी मिळाली, तेव्हा तिथल्या बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने दुसऱ्याच वर्षी तीव्र निषेध केला. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही बिघडलेलो नाही, आम्हाला खाणाखुणांची पूर्ण भाषा आहे. २००० मध्ये त्यांनी भूमिका मवाळ केली, पण भाषेचा आग्रह सोडला नाही. मी आधी यावर चिडायचे, कारण मला ऐकणं परत हवं होतं. आता एका मुलीला ओळखते, इम्प्लांट आहे आणि खाणाखुणांची भाषाही येते. रात्री यंत्र काढून ठेवलं की मी एकटी पडते, ती पडत नाही. मी पन्नाशीत ती भाषा शिकायला घेतली आहे.

काठावर:

सगळे प्रतिसाद वाचले. एक साधा प्रश्न, जनरल_वॉर्ड यांना. काही होत नसताना वर्षातून एकदा सगळ्या तपासण्या करून घ्याव्यात का? 'गप्प जागा' म्हणालात म्हणून विचारतो. घरात यावरून वाद चालू आहे.

जनरल_वॉर्ड:

रक्तदाब, साखर आणि वयानुसार ठरावीक कर्करोगांच्या तपासण्या, हे करा. 'सगळ्या' करू नका.

दक्षिण कोरियात १९९९ पासून कर्करोग तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. थायरॉइड त्यात नव्हता, पण सोनोग्राफी स्वस्तात जोडून मिळायची, लोक करून घ्यायचे. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाची निदानं १९९३ च्या पंधरा पट झाली. एवढे कर्करोग लवकर पकडले तर त्या कर्करोगाने होणारे मृत्यू घटायला हवेत ना? ते जिथे होते तिथेच राहिले. म्हणजे सापडत होत्या त्यांतल्या बहुतेक गाठी जन्मभर गप्प बसणाऱ्या होत्या. त्या लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, रोज हार्मोनची गोळी मागे लागली, काहींचा आवाज कायमचा घोगरा झाला. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी उघडपणे याविरुद्ध आवाज उठवला आणि वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या.

वर मी शरीर गप्प असतं तिथे यंत्र हवं असं लिहिलं. त्यात दुरुस्ती करतो: काही जागा गप्प आहेत कारण तिथे सांगण्यासारखं काही नाही. कुठली कोणती हे सोनोग्राफीच्या चित्रावरून कळत नाही. ते हजारो माणसांचा कित्येक वर्षं पाठपुरावा केल्यावर कळतं.

मृद्गंध:

आत्या आता एक वही ठेवते. बोटाला चिमटा लावायच्या आधी 'कसं वाटतंय' ते लिहायचं, मग आकडा. तिनेच ठरवलं. मागच्या तपासणीला ती वही घेऊन गेली, डॉक्टरांनी दोन्ही रकाने वाचले. एका तारखेपाशी थांबून विचारलं, "इथे आकडा ९७ आहे आणि तुम्ही 'जड' लिहिलंय, जड म्हणजे काय?" पंधरा मिनिटं त्यावरच बोलले. सांगताना तिचा चेहरा फुलला होता.

अवेळ:

खूप दिवस वाचतोय, आज लिहितो. धाग्याच्या नावात 'शेवटचा शब्द' आहे म्हणून.

तीन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ अपघातात गेला. डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचं सांगितलं तेव्हा मी त्याचा हात धरून उभा होतो. हात गरम होता. छाती वरखाली होत होती. मॉनिटरवर ठोके दिसत होते. आम्ही अवयवदानाच्या कागदांवर सह्या केल्या, आणि ते बरोबर केलं असं मला आजही वाटतं. पण कधीकधी रात्री हाताला ती ऊब आठवते. तिथे शरीर एक सांगत होतं आणि डॉक्टर दुसरं. मी डॉक्टरांचं ऐकलं. या धाग्याच्या हिशेबाने मी चुकलो का?

रात्रपाळी:

अवेळ, नाही. हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. मला माहीत आहे ते सगळं सांगते.

ती ऊब कुठून आली ते आधी. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. मुलांच्या श्वासाचे स्नायू बंद पडत होते आणि यंत्रं अगदी मोजकी होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी घशात छेद घेऊन नळी घातली आणि हाताने फुगा दाबून श्वास द्यायला लावला. सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळीपाळीने महिनोन्महिने मुलांच्या उशाशी बसून फुगे दाबत होते. अतिदक्षता विभाग जन्मला तो असा, माणसांच्या हातांनी. पुढे हातांची जागा व्हेंटिलेटरने घेतली. त्यानंतरच पहिल्यांदा अशी माणसं दिसू लागली ज्यांचा मेंदू पूर्ण थांबला आहे आणि हृदय चालू आहे. त्याआधी एक थांबलं की दुसरंही मिनिटांत थांबायचं. १९५९ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी या अवस्थेचं वर्णन केलं आणि १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने तिला मृत्यू म्हणायचे निकष लिहिले. म्हणजे तुमच्या भावाची छाती हलत होती ती यंत्राने. हृदयाला स्वतःची लय असते, ऑक्सिजन मिळत राहिला तर ते मेंदूशिवायही काही काळ चालतं. त्यामुळे रक्त फिरत होतं आणि हात गरम होता. मॉनिटरही तेच दाखवत होता.

तुमच्यासारखा प्रश्न एका अख्ख्या देशाला पडला आहे. जपानमध्ये १९६८ च्या हृदयरोपणानंतर दाता खरंच मेला होता का असा संशय घेतला गेला. खटला उभा राहिला नाही, पण लोकांचा विश्वास उडाला. पुढचं हृदयरोपण तिथे १९९९ मध्ये झालं, तेही १९९७ मध्ये कायदा आल्यावर. त्या कायद्यात माणसाने स्वतः लिहून ठेवलेलं असेल आणि घरच्यांची हरकत नसेल तरच अवयव काढण्यासाठी मेंदूमृत्यू धरत. २००९ मध्ये तो सैल केला. त्यांना मी मागासलेले म्हणत नाही. ऊब असलेल्या हाताबद्दल त्यांनी तीस वर्षं विचार केला.

आता त्या खोलीत काय होतं ते. तुम्हाला बहुधा बाहेर थांबवलं असेल. डोळ्यात उजेड पाडतात, बुबुळावर कापूस टेकवतात, कानात गार पाणी सोडतात, घशातली नळी हलवून खोकला येतो का बघतात. शेवटी श्वासाची चाचणी. आधी भरपूर ऑक्सिजन देतात, मग व्हेंटिलेटर काढतात. नळीतून ऑक्सिजन सोडलेला असतो, पण श्वास कुणी देत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. मेंदूच्या देठात थोडाही जीव असेल तर त्या साठण्याने तो श्वास घ्यायला लावतोच, त्याहून मोठी हाक शरीरात नाही. साठा पुरेसा चढला का हे रक्त काढून तपासतात, पण श्वास आला का हे ओळखायला स्क्रीनवर अवलंबून राहत नाही. पेशंटची छाती आणि पोट उघडं करतात, आणि डॉक्टर आणि आम्ही बाजूला उभे राहून नुसत्या डोळ्यांनी बघतो. आठ-दहा मिनिटं. खोलीत कुणी बोलत नाही. एवढीशी हालचाल दिसली तरी चाचणी थांबते आणि व्हेंटिलेटर परत जोडतात.

तुमच्या भावाजवळ कुणीतरी असं उभं राहिलं असेल. मी पुष्कळदा उभी राहिले आहे. त्या वेळात माझी नजर एकदाही मॉनिटरकडे गेलेली नाही.